खाडीच्या तोंडची सत्ता : उत्तर कोकणातील बेटे, आरमारे आणि समुद्रापारचा विस्तार

सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली उल्हास नदी काळू आणि भातसा यांचे पाणी घेऊन कल्याणपासून खाडीचे रूप धारण करते, आणि ठाण्यापाशी त्या खाडीला दोन वाटा फुटतात. एक वाट दक्षिणेकडे मुंबईच्या बंदरात उतरते, दुसरी घोडबंदरावरून पश्चिमेस वळून वसईच्या मुखाशी समुद्रास मिळते, आणि या दोन वाटांनी व समुद्राने वेढलेला जो भूभाग तो साष्टीचे बेट होय. त्याच्या दक्षिणेस मुंबईची सात बेटे, बंदराच्या पोटात घारापुरी आणि करंजा, त्याखाली खांदेरी-उंदेरी व अलिबागेचा कुलाबा, आणखी खाली जंजिरा व पद्मदुर्ग, आणि उत्तरेस वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा. या बेटांसाठी दोन हजार वर्षांत जितक्या सत्तांनी रक्त सांडले तितक्यांनी कोकणातील दुसऱ्या कोणत्याही भूमीसाठी क्वचितच सांडले असेल.

हा इतिहास बहुधा किल्ल्यांच्या तटावरून किंवा जहाजांच्या डोलकाठीवरून पाहिला जातो. प्रस्तुत लेखात तो खाडीच्या वरच्या अंगाने, म्हणजे भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या समुद्र न दिसणाऱ्या गावांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. कारण बेटावर धान्य पिकते ते थोडे, आणि जहाजाला लागणारे सागवान तर बेटावर मुळीच मिळत नाही; भात, लाकूड, दोर, खलाशी आणि खजिना हे सारे मागच्या मुलुखातून खाडीवाटे उतरावे लागते. म्हणून कोणत्याही बेटाच्या बाबतीत विचारण्याचा खरा प्रश्न असा, की त्या बेटाच्या आणि त्याला पोसणाऱ्या किनाऱ्याच्या मधल्या पाण्यावर बारा महिने कोणाचा अंमल होता? आमच्या मते उत्तर कोकणातील आरमारी इतिहासाचे बहुतेक निकाल या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहेत.

प्राचीन काळापासून याची साक्ष मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याणचा उल्लेख एकेकाळचे राजमान्य बंदर म्हणून येतो. परंतु त्याच्या काळी तेथील व्यापारावर निर्बंध पडले होते आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. खाडीच्या मुखावर वचक असलेली सत्ता आतल्या बंदराचा श्वास कसा कोंडू शकते, याचे हे पहिले लिखित उदाहरण. पुढे सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांची 'पुरी' ही राजधानी शेकडो नौकांनिशी घेतल्याचे ऐहोळेच्या प्रशस्तीत रविकीर्ती सांगतो. ही पुरी म्हणजे घारापुरी की राजापुरी याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी दख्खनच्या पठारावरील सम्राटाला समुद्रावरची राजधानी जिंकण्यासाठी नौदल उभारावे लागले, एवढे त्यातून निःसंशय ठरते. त्याच शतकात अरबांची एक आरमारी स्वारी ठाण्यावर येऊन गेली. ती खलिफा उमर यांच्या परवानगीवाचून झाली होती आणि सैन्य समुद्रावर धोक्यात घातल्याबद्दल त्यांनी नापसंती दर्शविली, असे अरब इतिहासकार बलाझुरी नोंदवितो. तेराव्या शतकात ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी झालेल्या समुद्रावरील युद्धात नाश पावला. बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत त्यांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांच्या रांगा कोरलेल्या दिसतात, आणि अनेक अभ्यासकांनी त्यांचा संबंध याच युद्धाशी जोडला आहे. आपल्या पूर्वजांना समुद्रयुद्ध ठाऊकच नव्हते, असे म्हणणाऱ्याने हे दगड एकदा अवश्य पाहावेत.

सोळाव्या शतकाच्या आरंभी या जुन्या लढ्यांत एक नवा घटक आला. १५०८ साली चौलच्या पाण्यात पोर्तुगीजांचा पराभव होऊन त्यांच्या व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा ठार झाला, पण पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत दीवच्या लढाईत मिसरी व गुजराती आरमाराचा मोड झाला आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचे वर्चस्व बसले. १५१० साली त्यांनी गोवे घेतले, आणि १५३४ च्या डिसेंबरात, हुमायूनच्या भयाने ग्रासलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी व मुंबई त्यांच्या स्वाधीन केली. पोर्तुगीजांनी दमणपासून चौलपर्यंतचा 'उत्तरेचा प्रांत' बांधला आणि त्याची राजधानी वसई केली. त्यांच्या राज्याचे मर्म मुलूखगिरीत नव्हते. 'कार्ताझ' नावाच्या परवान्यावाचून कोणतेही गलबत समुद्रात हाकू द्यायचे नाही, हा त्यांचा मुख्य कायदा होता. मागच्या मुलुखाचे महत्त्वही ते जाणून होते. पालघरकडील अशेरीचा गड त्यांनी जतन केला तो मुख्यतः भोवतालच्या सागवानासाठी, आणि त्याच लाकडावर वसईचे जहाजकाम चालत असे.

१६६१ च्या विवाहाच्या तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ साली ती प्रत्यक्ष ताब्यात आली, आणि १६६८ साली राजाने ती सालिना दहा पौंडांच्या खंडणीवर ईस्ट इंडिया कंपनीस दिली. परंतु साष्टी, ठाणे आणि करंजा पोर्तुगीजांच्याच हाती राहिल्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या तांदळावर व इतर मालावर त्यांची जकात बसे, आणि इंग्रजांच्या त्या काळच्या पत्रव्यवहारात या जकातीविषयीची तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. बंदर उत्तम, तटबंदी होत चाललेली, व्यापारी येऊन वसलेले. तरी खाडीचे तोंड परक्याच्या हाती असल्यामुळे बेट अर्धे बांधलेले, अशी त्या मुंबईची स्थिती होती. शंभर वर्षे इंग्रजांची नजर साष्टीवर खिळून राहिली ती यामुळेच.

या पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, या घटनेचे महत्त्व ध्यानी येते. राजगड-पुरंदराच्या डोंगरी राज्याला प्रथमच खाडी मिळाली, आणि खाडीबरोबर सागवानाची राने, भाताचा मुलूख आणि पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारे कोळी व भंडारी मिळाले. महाराजांनी येथेच जहाजे बांधावयास घेतली. त्या कामावर रुई लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज आणि त्याचा पुत्र होता. आपल्या शेजारी एक नवे आरमार उभे राहत आहे हे पाहून वसईचे अधिकारी अस्वस्थ झाले आणि त्यांनी या कारागिरांना फितवून परत नेले. तथापि काम थांबले नाही. कारागीर परके असले तरी लाकूड, पैसा आणि खाडी स्वराज्याची होती. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमारानिशी दक्षिणेस बसरूरवर चालून गेले. याच सुमारास राजापूर-जैतापूरकडून त्यांची व्यापारी जहाजे तांबड्या समुद्रावरील मोख्याकडे जाऊ लागल्याचे इंग्रज वखारवाल्यांच्या नोंदीत आढळते. म्हणजे किनारा राखणे, परमुलखावर जाणे आणि समुद्रापार व्यापार करणे ही तिन्ही अंगे आरंभीच्या सात-आठ वर्षांतच दृष्टीस पडतात.

मधल्या पाण्याचा सिद्धान्त सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो खांदेरीच्या प्रकरणात. १६७९ साली पावसाळा सरता सरता महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या दक्षिणेकडील या ओसाड बेटावर माणसे उतरविली आणि तट रचावयास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांना हे असह्य झाले. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराशी त्यांची गाठ पडली. 'डव्ह' हे त्यांचे गुराब मराठ्यांनी धरले, आणि 'रिव्हेंज' या जहाजाने मात्र मोठ्या शर्थीने टिकाव धरला. तोफांच्या माऱ्यात मोठी जहाजे वरचढ ठरली, हे खरे. पण त्याने काय साधले? थळच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान होड्या चुना, दगड, दाणागोटा आणि माणसे घेऊन बेटावर जात राहिल्या, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेली विलायती जहाजे त्यांना अडवू शकली नाहीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठविला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्याच वेळी जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर ठाणे बसविले, आणि एकाच खाडीमुखाशी दोन शत्रूंची दोन बेटे परस्परांकडे तोफा रोखून बसली.

जंजिऱ्याची कथा याच्या नेमकी उलट आहे. समोरचा दंडा-राजपुरीचा किनारा मराठ्यांनी वारंवार घेतला, पद्मदुर्ग बांधून सिद्दीच्या तोंडासमोर तोफा आणल्या, आणि १६८२ साली संभाजी महाराजांनी तर खाडीत दगडांचा बांध घालून बेटाला किनाऱ्याशी जोडण्याचा विलक्षण उद्योग आरंभिला. तरीही जंजिरा पडला नाही. त्याच्या तटाचे कौतुक पुष्कळ होते आणि तट त्या कौतुकास पात्र आहेच. पण खरे कारण असे, की सिद्दीच्या पाठीशी मोगलांचा सुरतेचा खजिना आणि आरमार होते, आणि पावसाळ्यात त्याची जहाजे इंग्रजांना नको असतानाही मुंबईच्या बंदरात येऊन आश्रय घेत. किनारा मराठ्यांचा, पण मधले पाणी त्यांचे नव्हते. पुढे १७३३ मध्ये थोरल्या बाजीरावांनी स्वतः मोहीम काढली, १७३६ साली चिमाजी आप्पांनी सिद्दी सातास रणात मारले, सिद्दीचा निम्माअधिक मुलूख गेला. तरी बेट राहिले, आणि ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले. याच न्यायाने १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी गोव्यालगतचे जुवे बेट एका रात्रीत घेऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयला पळता भुई थोडी केली, परंतु तिसवाडीच्या नद्यांवर कायमचे आरमार नसल्यामुळे तो पराक्रम मुलुखात रूपांतरित होऊ शकला नाही.

वसईच्या मोहिमेत मात्र मराठ्यांनी हा धडा पुरेपूर गिरविला. या मोहिमेचे बीज भिवंडीच्या परिसरातच पडले, ही गोष्ट आमच्या भागास भूषणावह आहे. खाडीकाठच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी साष्टीतील हिंदू रयतेवरील धार्मिक जुलमाची फिर्याद पेशव्यांपर्यंत पोचविली, आणि केवळ फिर्याद न करता खाडीचे उतार, ठाण्याच्या अपुऱ्या किल्ल्याचे बांधकाम आणि आतील लोकांचे मनोगत यांची बातमी पुरविली. १७३७ च्या मार्चमध्ये मराठी फौजा रात्री खाडी उतरून साष्टीत शिरल्या. ठाणे पडले आणि अर्नाळाही हाती आला. पुढील दोन वर्षांचा क्रम पाहण्याजोगा आहे. वसईच्या तटाशी थेट झोंबण्याऐवजी चिमाजी आप्पांनी माहीम-केळवे, तारापूर, धारावी, वेसावे अशी तिच्या भोवतालची ठाणी एकामागून एक घेतली. मानाजी आंग्रे यांच्या गलबतांनी समुद्राकडील बाजूस काटशह दिला. आणि १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्याच्या साष्टीत शिरून पोर्तुगीजांना तिकडेच गुंतवून ठेवले. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना कर्ज दिले तेही चर्चमधील चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून. अशा रीतीने किनारा, खाडी आणि समुद्र तिन्ही बाजूंनी कोंडल्यावर मग सुरुंगांचे व हल्ल्यांचे भीषण पर्व आले, हजारो माणसे कामी आली, आणि मे १७३९ मध्ये वसईवर भगवे निशाण चढले. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे देऊळ हे याच विजयासाठी बोललेल्या नवसाची फेड, असे परंपरा सांगते. येथील भाविक आजही त्या देवीच्या पायऱ्या चढतात तेव्हा ते एका आरमारी विजयाच्या स्मारकाशीच उभे असतात.

येथून पुढचा भाग मात्र मनाला चटका लावणारा आहे. १७३९ नंतर साष्टी, वसई, ठाणे, करंजा ही सर्व मराठ्यांची होती. मुंबईची रसद त्यांच्या मुठीत होती. तरी त्याच वर्षीच्या जुलैत पेशव्यांनी इंग्रजांशी तह करून त्यांना व्यापाराची मोकळीक दिली, आणि पस्तीस वर्षे ही मूठ आवळलीच गेली नाही. दरम्यान घरचेच आरमार घरच्याच हातांनी बुडाले. कान्होजी आंग्रे यांनी १७१८ मध्ये खांदेरीवरील इंग्रजांचा आणि १७२१ मध्ये कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीजांचा संयुक्त हल्ला परतविला होता, आणि पोर्तुगीजांच्या परवान्याला आपल्या 'दस्तका'ने उत्तर दिले होते. १७२९ साली ते वारल्यावर भाऊबंदकी माजली, आणि तुळाजी आंग्रे यांच्या उद्दामपणाने चिडलेल्या नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर मारा केला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. तुळाजींचे वर्तन कितीही दोषास्पद मानले, तरी राज्याचा एक अवयव आजारी पडला म्हणून शत्रूच्या हाती शस्त्र देऊन तो कापविणे हे धोरण आत्मघातकी होते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. पुढे आनंदराव धुळपांसारख्या मर्दाने १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज धरले, पण तोवर पारडे फिरले होते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरच्या गोंधळात १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाणे घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि करंजा कायमची त्यांच्याकडे गेली. मुंबईचे बेट एकशे सतरा वर्षांनी खऱ्या अर्थाने मुक्त झाले, आणि त्याच घटकेस कोकण बांधले गेले.

मराठी सत्ता समुद्रापार का गेली नाही, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. महन या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १८९० साली समुद्रसत्तेची जी मीमांसा केली तिच्या आधारे अनेकांनी मोठ्या तोफांच्या व मोठ्या जहाजांच्या अभावावर बोट ठेवले, का. मा. पणिक्कर यांनी सोळाव्या शतकात हिंदी महासागराचा ताबा सुटला तेव्हाच हिंदुस्थानच्या पारतंत्र्याचा पाया पडला असे प्रतिपादिले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेबरोबर आरमाराचीही चिकित्सा केली. आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरातून पोर्तुगीज-मराठे संबंधांची अस्सल साधने उजेडात आणून या चर्चेस भक्कम पाया दिला. सिंधुबंदीचे धार्मिक कारणही वारंवार पुढे केले जाते. परंतु कोळी, भंडारी, गाबीत आणि दालदी हे दर्यावर्दी समाज आरमारात होतेच, आणि मोख्याकडे जाणारी जहाजे कोणत्याही धर्माज्ञेने अडली नव्हती. तेव्हा ते कारण फार तर गौण ठरते. जहाजांचे कारण अधिक वजनदार आहे. दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि वल्ह्यांची गलबते ही उथळ खाड्यांसाठी, किनाऱ्यावरील जमिनीकडच्या व समुद्राकडच्या वाऱ्यांसाठी उत्तम होती, परंतु पावसाळ्यात ती शाकारून ठेवावी लागत. तथापि गरज भासली तर जहाज बदलता येते. येथील सुतारांच्या हाताला ते अशक्य नव्हते.

आमच्या मते खरे कारण हिशेबाच्या वहीत आहे. इंग्रज व डच यांच्या आरमारामागे व्यापारी मंडळ्या होत्या. जहाज दूर जाई तितका नफा वाढे, आणि नफ्यातून पुढचे जहाज उभे राही. पेशव्यांच्या राज्याचा आधार जमिनीचा सारा आणि चौथाई हा होता. त्यात आरमार ही खर्चाची बाब होती, मिळकतीची नव्हे. याला अपवाद म्हणून १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले आज्ञापत्र डोळ्यांसमोर येते. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानावे, त्यास नेमणूक मुलुखातून करून द्यावी, सौदागरांस उपद्रव होऊ देऊ नये, आणि जहाजांसाठी सागवान तोडावे तेही परवानगीने, रयतेची आंब्याफणसाची झाडे मात्र तोडू नयेत, असा त्यातील विचार आहे. समुद्र, व्यापार आणि रान यांचा असा एकत्र विचार करणारी बुद्धी मराठ्यांत होती. ती राज्याच्या नित्य कारभारात उतरली नाही. याउलट ओमानच्या अरबांचे उदाहरण पाहावे. त्यांनी १६५० मध्ये मस्कतमधून पोर्तुगीजांना हाकलले, १६९८ मध्ये मोंबासाचा किल्ला घेतला, आणि पुढे झांजिबारच्या बेटावर आपली राजधानी नेली. त्यांचा मुलूख आपल्याहून उजाड आणि लोकसंख्या थोडी. पण समुद्र हाच त्यांचा उदरनिर्वाह असल्यामुळे समुद्रापार जाणे हे त्यांच्या दृष्टीने मोहीम नसून नित्यक्रम होता.

मुंबईच्या बेटावर हाच नित्यक्रम इंग्रजांच्या छत्राखाली फळास आला. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. १८१३ साली उतरलेल्या त्यांच्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर १८४२ मध्ये नानकिंगच्या तहाच्या सह्या झाल्या, आणि चीनचे हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेले. ज्या बेटाची रसद आपल्या हाती असता आपण ते सोडले, तेच बेट आशियाच्या दुसऱ्या टोकावरील बेट जिंकणाऱ्या जहाजाचे जन्मस्थान झाले, याची खंत वाटते आणि वाटली पाहिजे. पुढे शीव आणि माहीमच्या पाण्यावर बांध पडले, १८५३ मध्ये आगगाडी ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली, आणि खाडीतून उतरणारा माल रुळांवर चढला.

या आढाव्याचा निष्कर्ष असा, की पराक्रमाची वाण उत्तर कोकणात कधीच नव्हती. खांदेरी टिकली व वसई जिंकली गेली, कारण तेथे किनारा, खाडी आणि समुद्र यांची एकच मसलत झाली. जंजिरा, मुंबई व गोवे राहिली, कारण ती मसलत मोहिमेपुरतीच टिकली. म्हणून या विषयाच्या पुढील अभ्यासाने लढायांच्या तारखांवर न थांबता पुण्याच्या पेशवे दफ्तरातील वसई सुभ्याचे आरमारी जमाखर्च, खाडीवरील जकातीचे तक्ते, लाकूडतोडीच्या सनदा आणि खलाशांच्या मुशाहिऱ्याचे कागद लावावेत. कल्याण, भिवंडी, वाडा, शहापूर या खाडीमागच्या मुलुखाने कोणत्या वर्षी काय पुरविले आणि राज्याने त्याचे काय केले, याचा गावोगावचा हिशेब मांडला जाईल तेव्हाच या बेटांचा इतिहास पूर्ण होईल. आणि ते काम या मुलुखातील अभ्यासकांनीच अंगावर घेणे न्याय्य आहे, कारण ते त्यांच्याच वाडवडिलांच्या श्रमांचे ऋण आहे.